नव्या डाएटच्या शोधापेक्षा ताटात कडधान्ये, पालेभाज्या आणि भाकरी परत आणूया

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

नव्या वर्षाच्या सुरुवातीपासून आपल्या आरोग्य पुरवणीत वजन कमी करण्याच्या निरनिराळ्या आहारपद्धतींवर लेख येत आहेत. कीटो (पिष्टमय पदार्थ जवळजवळ बंद आणि स्निग्ध पदार्थ भरपूर), सात दिवसांचे जीएम डाएट, सोळा तासांचा उपवास, केवळ रस आणि काढ्यांवर राहण्याचे ‘डिटॉक्स’ असे त्यांचे विषय होते. काय वर्ज्य करावे याची यादी प्रत्येक लेखात सविस्तर होती. परंतु रोजच्या जेवणात काय असायला हवे, ते बाजारात कोठे मिळते, कसे शिजवायचे आणि सामान्य घराला ते परवडते का, याविषयी जवळजवळ काहीच नव्हते. मी सोलापुरात अनेक वर्षे आहारशास्त्र शिकवले आणि निवृत्तीनंतर एका धर्मादाय दवाखान्यात आहारविषयक सल्ला देण्याचे काम करते. अशा लेखांचे कात्रण किंवा मोबाइलवरचा फोटो घेऊन येणारी माणसे तेथे नेहमीच भेटतात. त्यांच्या अवस्थेकडे पाहून हे पत्र लिहावेसे वाटले. पत्र लांबले आहे याची मला जाणीव आहे, तरीही शक्य झाल्यास ते पूर्ण छापावे, अशी विनंती आहे.

या आहारपद्धतींपैकी काहींचा इतिहासच वाचकांना सांगितला जात नाही. कीटो आहार १९२१ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये अपस्माराच्या, म्हणजे फिट येण्याच्या आजारावर उपचार म्हणून पुढे आला, आणि औषधांना दाद न देणाऱ्या अपस्मारात, विशेषतः लहान मुलांमध्ये, तो आजही डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरला जातो. उपचार म्हणून तो मोलाचा आहे. पण तोच आहार एखाद्या धडधाकट तरुणाने लग्नाआधी चार किलो उतरवण्यासाठी मित्राच्या सांगण्यावरून सुरू करावा, यात शहाणपण नाही. जीएम डाएटला एका मोठ्या मोटार कंपनीचे नाव चिकटलेले आहे, परंतु त्या कंपनीने तो आपल्या कामगारांसाठी तयार केला या गोष्टीला कोणताही विश्वासार्ह पुरावा नाही. तरीही सात दिवसांचे ते वेळापत्रक, पहिल्या दिवशी फळे आणि दुसऱ्या दिवशी भाज्या, अशा क्रमाने वर्षानुवर्षे हातोहात फिरत आहे.

पहिल्या आठवड्यात वजन झपाट्याने उतरते, आणि नेमका त्यामुळेच लोकांचा विश्वास बसतो. त्यामागचे कारण साधे आहे. आपले यकृत आणि स्नायू ग्लायकोजेनच्या रूपात साखरेचा साठा करतात आणि त्या साठ्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेले असते. पिष्टमय पदार्थ एकदम बंद केले की हा साठा संपतो, त्याबरोबर पाणीही निघून जाते आणि काटा दोन-तीन किलो खाली दिसतो. चरबी मात्र एवढ्या थोड्या दिवसांत फारशी हललेली नसते. पुढे उपासमार चालूच राहिली तर स्नायूही झिजू लागतात, आणि पूर्वीचे जेवण सुरू झाले की वजन परत येते. झिजलेला स्नायू मात्र व्यायामाशिवाय भरून येत नाही.

आपल्याकडे ही गोष्ट इतरांपेक्षा अधिक गंभीर आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच तुलना मांडली होती. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. भारतीय माणूस सडपातळ दिसत असतानाही आतून चरबी बाळगून असू शकतो आणि त्याच्याकडे स्नायू मुळातच कमी असतात, हे त्या छोट्या टिपणाने जगाला दाखवले. ज्यांच्याकडे स्नायूंची पुंजी अशी तोकडी आहे, त्यांनी केवळ वजनाचा काटा पाहून आहार ठरवणे धोक्याचे आहे.

दवाखान्यात आलेल्या एका भगिनीचे उदाहरण द्यावेसे वाटते. ओळख पटेल असे काही येथे लिहीत नाही. एका खासगी ‘वेलनेस’ केंद्राने त्यांना सकाळी आणि रात्री डब्यातील पावडरीचे शेक व दुपारी काकडी-टोमॅटो असा आहार आखून दिला होता. काही महिन्यांत वजन बरेच उतरले, आणि पाठोपाठ केस मुठीने गळू लागले, बद्धकोष्ठता झाली, जिना चढताना धाप लागू लागली. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन बरेच कमी होते. पावडरीचा खर्च झेपेना म्हणून त्यांनी शेक सोडला आणि वजन पूर्वीपेक्षाही वर गेले. माझ्यासमोर बसल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “मॅडम, आता काय सोडू?” असा प्रश्न मी शेकडो तोंडांतून ऐकला आहे. त्यांना मी काहीच सोडायला सांगितले नाही. दुपारच्या डब्यात एक वाटी मोडाची उसळ, दोन्ही जेवणांत एक पालेभाजी किंवा फळभाजी पोटभर, पोळ्यांची संख्या एकाने कमी, वर लिंबाची फोड आणि जेवणाबरोबरचा चहा जेवणानंतर तासाभराने, इतकेच सांगितले. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्याच होत्या. वजन सावकाश, कित्येक महिन्यांनी उतरले, पण थकवा त्याच्या बराच आधी गेला.

सोडण्यावर भर देणाऱ्या पद्धतींमध्ये आपसातही किती थोडा फरक पडतो, हे २०१८ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात आलेल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासात दिसले. सहाशे नऊ प्रौढांपैकी निम्म्यांना कमी स्निग्ध पदार्थांचा आणि निम्म्यांना कमी पिष्टमय पदार्थांचा आहार वर्षभर देण्यात आला. वर्षाअखेर पहिल्या गटाचे वजन सरासरी ५.३ किलो आणि दुसऱ्याचे ६ किलो घटले. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने दखल घ्यावी इतका नव्हता. दोन्ही गटांना एक समान सूचना होती. साखर आणि मैदा शक्य तितका कमी करावा, भाज्या भरपूर खाव्यात आणि अन्न शक्यतो मूळ रूपात घरी शिजवावे. मला त्या अभ्यासातील सर्वांत मोलाची गोष्ट ती सूचना वाटते. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील केव्हिन हॉल यांनी २० जणांना रुग्णालयात ठेवून दोन आठवडे कारखान्यात बनलेले, अतिप्रक्रिया केलेले अन्न आणि दोन आठवडे साधे, कमीत कमी प्रक्रियेचे अन्न दिले. ताटात वाढलेल्या अन्नातील उष्मांक, साखर, मीठ, स्निग्धांश आणि तंतू सारखे ठेवले होते व हवे तेवढे खाण्याची मुभा होती. अतिप्रक्रिया केलेल्या अन्नावर असताना तीच माणसे दिवसाला सुमारे ५०० उष्मांक अधिक खात होती.

त्याच वर्षी, म्हणजे २०१९ मध्ये, १९५ देशांतील आहाराचा जो मोठा आढावा ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात २०१७ मधील सुमारे १ कोटी १० लाख मृत्यूंचा संबंध सदोष आहाराशी जोडला होता. त्यातली सर्वांत मोठी कारणे कोणती, हे आपल्या वाचकांनी जरूर जाणून घ्यावे. मीठ जास्त, अख्खी धान्ये कमी आणि फळे कमी. म्हणजे तीन प्रमुख कारणांपैकी दोन ताटात काही तरी ‘नसण्या’ची आहेत. आपण मात्र वर्षानुवर्षे ताटातून आणखी काय काढावे याचाच खल करीत बसलो आहोत.

आपल्या महाराष्ट्रात २०१८ च्या सुमारास घराघरांत रंगलेली चर्चा वाचकांना आठवत असेल. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेल्या आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी पुढे नेलेल्या विचारानुसार दिवसातून दोनदाच जेवावे, की आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर सांगतात त्याप्रमाणे थोड्या थोड्या अंतराने खावे, यावर लग्नसमारंभांत आणि कार्यालयांत तट पडले होते. दोन्ही बाजूंच्या सांगण्यात घेण्यासारखे बरेच होते आणि दोघांनीही लोकांना आहाराविषयी विचार करायला लावले, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. मात्र चर्चा घड्याळाभोवती फिरत राहिली. दोनदा जेवणाऱ्याच्या ताटात पुरी, बटाटा आणि जिलबी असेल आणि दर दोन तासांनी खाणाऱ्याच्या हातात बिस्किटांचा पुडा असेल, तर दोघांनाही वेळेचा फारसा उपयोग होणार नाही. शिवाय मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर वेगाने उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना न विचारता जेवणे गाळली, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते.

माझे म्हणणे असे आहे की, आपल्याला नवी आहारपद्धती नको आहे. वनस्पतींपासून मिळणारे अख्खे, कमीत कमी प्रक्रिया झालेले अन्न आपल्या जेवणाचा मुख्य भाग पुन्हा व्हायला हवे. कडधान्ये आणि डाळी, पालेभाज्या आणि फळभाज्या, कोंड्यासकट दळलेली धान्ये, शेंगदाणे, तीळ, जवस, कारळे आणि हंगामी फळे या सगळ्यांचा त्यात समावेश होतो. येथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘आम्ही शाकाहारीच आहोत, त्यामुळे आम्ही असेच खातो,’ असे पुष्कळ जण अभिमानाने सांगतात. सकाळी पोहे, दुपारी पांढरा भात आणि बटाट्याची भाजी, संध्याकाळी वडापाव, रात्री पोळी आणि पुन्हा बटाटा, शेवटी श्रीखंड, हे सगळे शाकाहारीच आहे. आषाढी एकादशीला साबुदाण्याची खिचडी, वऱ्याच्या तांदळाचा भात, तळलेल्या चकल्या आणि बटाट्याचा चिवडा हेही शाकाहारीच आहे. साबुदाणा म्हणजे कंदातून काढलेला जवळजवळ शुद्ध पिष्ट. त्यात प्रथिनेही नगण्य आणि तंतूही नगण्य. ताटात मांस नाही एवढ्यावरून ते ताट आरोग्याचे ठरत नाही.

मी सोलापूरची असल्याने येथील उदाहरणे देते. आमच्या जिल्ह्यातील मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि मालदांडी ज्वारीची भाकरी हे येथील अन्नाचा कणा आहे. त्या भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी, हुलग्याचे माडगे, तुरीच्या डाळीचे आमटीवजा वरण, अंबाडीची भाजी, घोळ, चिवळ, पाथरी, हरभऱ्याचा पाला असे काय काय असे. मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे वेळ अमावास्येला, सोलापूरच्या सीमाभागात तसेच लातूर आणि धाराशिवमध्ये शेतात जाऊन जी भज्जी खाल्ली जाते, ती तर आहारशास्त्राच्या वर्गात दाखवावी अशी आहे. ओले हरभरे, तुरीचे दाणे, वाल, वाटाणे, गाजर, वांगी, मेथी, चिंच आणि त्याला बेसनाची जोड. बरोबर बाजरीचे उंडे आणि ताकातील आंबील. भोगीच्या भाजीत आणि तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीत हेच तत्त्व आहे. ऋषिपंचमीच्या भाजीत तर तेल-मसालाही नाममात्र असतो. दहा-बारा भाज्या आणि कडधान्ये एका वेळी पोटात जावीत, अशी व्यवस्था आपल्या सणांनी करून ठेवली होती. आता ती भाजी वर्षातून एकदा, तीही चवीपुरती होते आणि उरलेले दिवस बटाटा, फ्लॉवर आणि टोमॅटोवर निघतात.

अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल, घेवडा आणि इतर अनेक पिकांचे गावठी बियाणे जपले, त्यासाठी त्यांना पद्मश्री मिळाली आणि आपण सर्वांनी त्यांचे कौतुक केले. मात्र ते वाल आपल्या स्वयंपाकघरात शिजले नाहीत, तर बियाणे जपण्याचा अर्थ अपुरा राहतो. कृषी विभाग दर पावसाळ्यात रानभाज्यांचे महोत्सव भरवतो. तेथे टाकळा, कुर्डू, भारंगी, कर्टोली, शेवळे पाहायला गर्दी होते. त्या गर्दीतील किती जण दुसऱ्या आठवड्यात मंडईत जाऊन त्या भाज्या मागतात, हा प्रश्न आहे. मागणी असेल तरच डोंगरातली बाई टोपली घेऊन शहरात येईल.

एका बाबतीत मात्र वाचकांना सावध करणे आवश्यक आहे. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाल्यापासून ज्वारी-बाजरी-नाचणी म्हणजे मधुमेहावरचा रामबाण उपाय, असा प्रचार जोरात आहे. त्यातून बाजारात नाचणीची बिस्किटे, ज्वारीचे कुरकुरीत तळीव पदार्थ, मिलेटचे गोड शेक आले आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीवर आधारित जो निबंध २०२५ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात भारतीयांच्या रोजच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के पिष्टमय पदार्थांतून येतात, असे दिसले. तसेच एकूण पिष्टमय पदार्थ कमी न करता केवळ पांढऱ्या तांदळाच्या जागी गव्हाचे किंवा भरडधान्याचे पीठ आणल्याने मधुमेहाचा धोका कमी झाल्याचे आढळले नाही. उलट त्या पिष्टाचा थोडा हिस्सा वनस्पतिजन्य किंवा दुग्धजन्य प्रथिनांनी बदलला, तर धोका कमी असल्याचा संबंध दिसला. याच पाहणीच्या २०२३ मधील अहवालाने देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज दिला होता. म्हणून चार पोळ्यांऐवजी चार भाकऱ्या खाऊन समाधान मानू नये. दीड भाकरी, त्याबरोबर वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ, आणि भाजी चवीपुरती न वाढता ताटाचा अर्धा भाग भरेल इतकी, असा बदल झाला तर त्याला काही अर्थ आहे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी जी आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांतही हेच प्रमाण दिले आहे. दिवसाला २००० उष्मांकांची गरज असणाऱ्या व्यक्तीसाठी कच्च्या वजनात धान्य २५० ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, डाळी-कडधान्ये अथवा अंडी-मांस मिळून ८५ ग्रॅम, तेलबिया आणि सुकामेवा ३५ ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर आणि तेल-तूप २७ ग्रॅम. देशातील एकूण आजारांच्या ओझ्यापैकी ५६.४ टक्के ओझे सदोष आहारामुळे आहे, असा अंदाजही त्या दस्तऐवजात नोंदलेला आहे, आणि प्रथिनांच्या पावडरी टाळाव्यात असा स्पष्ट सल्ला आहे. प्रसिद्ध होऊन इतके दिवस झाले तरी आमच्या दवाखान्यात येणाऱ्यांपैकी या तत्त्वांविषयी ऐकलेला माणूस मला क्वचितच भेटतो. चित्रपट कलावंताने पंधरा किलो कसे उतरवले हे मात्र सगळ्यांना ठाऊक असते.

प्रथिनांची चिंता वाटणाऱ्यांनी मटकीकडे पाहावे. सुक्या कडधान्यांमध्ये वजनाच्या सुमारे पाचव्या हिश्शाइतकी प्रथिने असतात, आणि पावडरीच्या एका डब्याच्या किमतीत लहान कुटुंबाची कित्येक आठवड्यांची कडधान्ये येतात. सकाळी निवडून धुतलेली मटकी भिजत घालावी, रात्री पाणी निथळून ओल्या पंच्यात घट्ट बांधून चाळणीत ठेवावी. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकाच्या वेळेपर्यंत तिला शुभ्र मोड आलेले असतात. थंडीत थोडा अधिक वेळ लागतो, तेव्हा गाठोडे उबदार जागी ठेवावे. मोड आल्याने कडधान्यातील फायटिक आम्ल कमी होते, त्यामुळे त्यातील लोह आणि जस्त शरीराला अधिक मिळते, आणि क जीवनसत्त्व वाढते. मोड फार लांब होऊ देऊ नयेत, उसळ करताना ती गाळ होईपर्यंत शिजवू नये आणि तेलाचा तवंग आणण्याचा मोह टाळावा. कडधान्याने पोटात वायू धरतो अशी तक्रार करणाऱ्यांनी पहिले काही आठवडे अर्धी वाटीच घ्यावी आणि मुगापासून सुरुवात करावी. आतड्यांनाही तंतूंची सवय व्हायला वेळ लागतो.

वनस्पतिजन्य आहाराचा पुरस्कार करताना त्याच्या उणिवा लपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींमधून भरवशाने मिळत नाही. डॉ. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील पुरुषांमध्ये केलेल्या पाहणीत सुमारे दोनतृतीयांश जणांच्या रक्तात हे जीवनसत्त्व कमी निघाले होते आणि शहरी मध्यमवर्गात ते प्रमाण सर्वाधिक होते. हातापायांना मुंग्या येणे, तोल जाणे, विस्मरण ही त्याची लक्षणे वयाच्या नावावर खपवली जातात. दूधही न घेणाऱ्यांनी बी-१२ ची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने नियमित घेतलीच पाहिजे. त्याला शेवाळ, आंबवलेले पीठ किंवा न धुतलेल्या भाज्या हा पर्याय नाही. गर्भवती आणि गर्भधारणेचा विचार करणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत तर यात हयगय नको. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांना पालेभाज्या, फळे आणि डाळींचे प्रमाण तज्ज्ञाकडून ठरवून घ्यावे लागते. आणि मधुमेह किंवा रक्तदाबावर औषधे चालू असताना आहार खरोखर सुधारला, तर औषधांचा डोस बदलावा लागू शकतो, म्हणून तपासण्या चालू ठेवाव्यात.

माझ्या म्हणण्याचा वापर कोणाच्या ताटातील मासळी किंवा अंडे हिसकावण्यासाठी होऊ नये, अशी माझी तळमळीची विनंती आहे. कोकणातील माणसाचा बांगडा आणि आदिवासी पाड्यावरील माणसाचे खेकडे हे त्यांच्या अन्नपरंपरेचे आणि पोषणाचे भाग आहेत. राज्य शासनाने जानेवारी २०२५ मध्ये शालेय पोषण आहारातील अंड्यांसाठीचा निधी थांबवला, तो निर्णय मला चुकीचा वाटतो. ज्या मुलांच्या घरी दूध, डाळ आणि फळ यांपैकी काहीच पुरेसे नसते, त्यांच्या ताटातून अंडे काढणे आणि ज्यांच्या घरी सगळे मुबलक आहे त्यांनी तळलेल्या कोंबडीऐवजी उसळ खाणे, या दोन गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत. राज्यातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसले आहे, हे लक्षात घेऊनच आहाराविषयी लिहिले आणि बोलले पाहिजे.

अख्खे अन्न खाण्यातील खरी अडचण वेळेची आणि श्रमाची आहे, आणि ते श्रम आजही बहुतेक घरांत एकट्या बाईच्या वाट्याला येतात. पालेभाजी निवडायला अर्धा तास जातो. ज्वारीच्या पिठात ग्लूटेन नसल्याने ते गरम पाण्यात मळावे लागते, पीठ जुने झाले की त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना कडा चिरतात; सवय नसलेल्या सुनेला किंवा लेकीला हे जमत नाही म्हणून भाकरी बंद होते आणि पाव येतो. यावर उपदेश करून भागणार नाही. भाजी निवडण्याचे आणि कडधान्य भिजवण्याचे काम घरातील पुरुषांनी आणि मोठ्या मुलांनी करावे, हे मी दवाखान्यात जोडप्यांना समोरासमोर सांगते. दळण आठवड्याला पुरेल इतकेच आणावे. सोलापुरात महिला बचत गट कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी करून विकतात. अशा गटांना निवडलेली पालेभाजी आणि मोड आलेली कडधान्ये विकण्यासाठी महापालिकांनी मंडईत स्वस्त जागा दिली, तर नोकरी करणाऱ्या बाईचा रोजचा तास वाचेल आणि गटालाही काम मिळेल. रेशन दुकानांत बहुतेक वेळा गहू आणि तांदूळच मिळतो, वास्तविक २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्याचीही तरतूद आहे. ज्वारी पिकवणाऱ्या जिल्ह्यांत तरी ती रेशनवर नियमित मिळावी आणि तिच्याबरोबर तूर किंवा हरभऱ्याची डाळ सवलतीत द्यावी, यासाठी आपल्या वृत्तपत्राने पाठपुरावा करावा.

आपल्या पुरवणीविषयी माझ्या विनंत्या नेमक्या आहेत. कोणत्याही आहारपद्धतीवर लेख छापताना लेखकाची शैक्षणिक पात्रता आणि तो एखादे उत्पादन विकतो का, ही माहिती लेखाखाली द्यावी. एखाद्याच्या वजन उतरल्याची कथा छापायची असेल, तर वर्षभरानंतर त्या व्यक्तीची स्थिती काय होती हेही विचारून छापावे. आणि दर आठवड्याला एक छोटे सदर सुरू करावे. त्या आठवड्यात पुणे, सोलापूर, नाशिक, नागपूर येथील मंडईत कोणती पालेभाजी, कोणते ओले कडधान्य, कोणते फळ आले आहे, त्याचा भाव काय, ते निवडायचे आणि कमी तेलात शिजवायचे कसे, एवढेच त्यात असावे. सध्या आमच्या बाजारात हरभऱ्याचा पाला, सोलाणे, चाकवत, करडईची कोवळी भाजी, पातीचा कांदा, गाजरे आणि बोरे भरपूर आहेत. तेव्हा सुरुवात करायला हाच हंगाम चांगला आहे. असे सदर सुरू झाल्यास त्यासाठी लागणारी पाककृती आणि पोषणविषयक माहिती मी आणि माझ्या निवृत्त सहकारी अध्यापिका कोणत्याही मानधनाशिवाय, तपासून आणि वेळेत पाठवू.

कळावे.

आपली विश्वासू,
निवृत्त आहारशास्त्र अध्यापिका, सोलापूर